सासरेबुवांच्या दुनळीवरचा कुत्रा

मी आजवर एकही पक्षी मारलेला नाही. बँकेच्या नोकरीत कधीमधी माशा मारल्या असतील, तेवढ्याच. तरी शांती नगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये, भिंतीत बसवलेल्या लोखंडी कपाटात, रीतसर परवान्यासकट तीन जुन्या दुनळी बंदुका होत्या. शिकारीशी मला काही देणंघेणं नाही. मला वेड आहे ते बंदुकीवरच्या कोरीवकामाचं. दोन नळ्या जिथे लाकडी दस्त्याला येऊन मिळतात, तिथे दोन्ही बाजूंना तळहातापेक्षा लहान लोखंडी पत्रा असतो. जुने कारागीर तेवढ्याशा जागेत अख्खं रान उभं करायचे.

पहिली बंदूक इंग्रजी, तिच्यावर लव्हाळ्यातून उडणारी बदकं. दुसरी बेल्जियन, तिच्यावर द्राक्षाचे वेल. ते इतके बारीक की रविवारी चहा झाला की मी भिंग घेऊन बसायचो आणि दर वेळी एखादं नवं पान सापडायचं. तिसरी सासरेबुवांची, देशी कारागिराने घडवलेली. ते कोकणात शाळामास्तर होते आणि रानडुकरांपासून शेत राखायला त्यांनी ती ठेवली होती. ते गेल्यावर ती माझ्या परवान्यावर चढली. तिच्यावरची नक्षी पार घासून गेली होती. "हिला संग्रहात काही किंमत नाही," असं मी पहिल्याच दिवशी बायकोला ऐकवलं. जाणकार म्हणून मिरवायची हौस, दुसरं काय.

या नादापायी चेष्टाही बरीच झाली. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथले हवालदार मला लांबून बघूनच म्हणायचे, "काय काका, पोरी माहेरपणाला आणल्या काय?" समोरच्या ब्लॉकमधले गुजराती शेठ माझ्या हातातली लांब पेटी पाहून विचारायचे, "सितार केम चाले छे?" मी "एकदम मस्त" म्हणून लिफ्टमध्ये शिरायचो.

मग नियम बदलला. एका परवान्यावर आता दोनच बंदुका, तिसरी मुदतीत बंदुकांच्या दुकानदाराकडे सोपवायची. बायकोच्या नावाने वेगळा परवाना मागून पाहिला, तो अर्ज परत आला. कुठली द्यायची यावर मी क्षणभरही विचार केला नाही. "सासरेबुवांची देऊ," मी म्हटलं. "बघा तुम्हाला काय ते," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. इतक्या वर्षांच्या संसारात त्या वाक्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

मुदत संपायच्या आत खंडेनवमी आली. शस्त्रांच्या पूजेला आमच्या घरी एक नियम आहे, अर्थात मीच केलेला. गंध, फूल सगळं दस्त्याच्या लाकडाला. लोखंडाला ओला हात लावायचा नाही, गंज चढतो. मी खाली झेंडूची फुलं आणायला गेलो आणि परत येऊन बघतो तर काय, बायकोने वडिलांची बंदूक पाटावर ठेवली होती. पुढ्यात नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. आणि थेट लोखंडी पत्र्यावर बोटाने फासलेलं ओलं हळदकुंकू.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अगं, काय करतेयस हे?"

"ओटी भरतेय. घर सोडून चाललीये ना ती?" ती शांतपणे म्हणाली. "जाणाऱ्या बाईला हळदकुंकू न लावता पाठवतात का?"

मी बडबडत जुन्या बनियनचा तुकडा आणला आणि घाईघाईने पत्रा पुसायला लागलो. वरचं कुंकू निघालं. खोलातलं निघेना. जी नक्षी मी भिंगातूनही कधी धड पाहिली नव्हती, तिच्या रेघारेघांत ते जाऊन बसलं होतं. बोरीचं झुडूप दिसलं, त्याखाली दोन तित्तर, आणि त्यांच्यावर टपलेला एक कुत्रा.

विलायती बंदुकांवर असतो तो लांब कानांचा, सरळ शेपटीचा, एक पाय उचललेला शिकारी कुत्रा. आमच्या देशी कारागिराला तसाच काढायला सांगितलं असणार. पण बिचाऱ्याने तो जन्मात पाहिला नसावा. त्याने पाय उचलला खरा, पण कान टोकदार ठेवले, बरगड्या दाखवल्या आणि शेपटीचं पाठीवर मस्त वेटोळं केलं. थेट भाईंदरच्या मासळी बाजाराबाहेर बसतो तसला गावठी कुत्रा. मी पोट धरून हसलो. अशी चूक कुठल्याही संग्रहात मिळायची नाही.

"ही जाणार नाही," मी जाहीर केलं आणि बायकोला शेपटीचं महत्त्व समजावून सांगू लागलो.

"तो कुत्रा ना? मला माहितीये," ती म्हणाली. "बाबा बंदूक पुसायला बसले की मी त्याला कुरवाळायचे. आई खरा पाळू देत नव्हती. शाळेत होते तोवर रोज चालायचं हे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ती घरात आल्या आल्या तुम्ही म्हणालात, घासून गेलीये, किंमत नाही. आता ती मीच घासली, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर रविवारी वेलींची पानं मोजत होतो, आणि शेजारी चहा पीत बसलेल्या बाईला कधी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी बेल्जियन बंदूक घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने कागद दोनदा वाचला. "काका, काहीतरी गडबड होतेय. चांगला पीस देताय आणि घासलेला ठेवताय?"

द्राक्षाच्या वेलांवरून मी शेवटचं बोट फिरवलं.

"घासणारी घरात आहे," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. त्याने पावती पुढे सरकवली आणि मी सही केली.