उजव्या हातातली काठी

आमचा बुढा हीरालाल नऊ वर्सं काठी उजव्या हातात धरून चालला, आन् त्या काठीनंच त्याची वाट लावली. मी त्याची बायको, दुलारी. खोटं कायले सांगू?

दोन हजार दोनची धानाची रोवणी. शेजारच्या बिसरामनं दोन शेतांमधला धुरा फोडून आमच्या धानाच्या बांधीतलं पाणी आपल्या बांधीत घेतलं. बुढा धावला, त्याची मानगूट धरली, चिखलात लोळवला. बिसरामनं पडल्या पडल्या पावडा हाणला. बुढ्याचा उजवा घोटा फुटल्याचा आवाज मले दूर धुऱ्यावर आयकू आला. पाणी लाल, हातभर जागेतले धानाचे कोवळे परे लाल.

हाड जुळलं, पण वाकडं. बुढ्यानं बांबूची काठी आणली, टोकाले लोखंड ठोकलं. म्हणे, "याच काठीनं त्याचं टकुरं फोडीन." मारायचा हात उजवा, म्हणून काठी उजवीकडंच. रोज सकाळी आंगणातल्या बोरीले सात तडाखे हाणे. बोरीची साल निघाली, बिसरामले साधा ओरखडा नाही!

लंगडा पाय तिकडं, काठीही तिकडं. चालताना अख्खं आंग उजवीकडं कले. मग डावा गुडघा सुजला, कंबर धरली. शेवटी तर चौकट धरल्याशिवाय उठता येईना. तवा गोंदियाले नेलं. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण पोरगीच होती. तिनं त्याले दहा पावलं चालवलं.

"काका, दुखरा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात पाहिजे. काठी आन् दुखरा पाय संगच पुढं टाका. आधी टाच, मग पंजा. असेच वाकडे चालत राहिले तर चांगला पायही जाईल. खाटेवर पडाल."

बुढा भडकला. "डाव्या हातानं बिसरामले मारू कसा?"

पोरीनं काठी त्याच्या डाव्या हातात देली, त्यानं ती लगेच उजव्यात घेतली.

आठ दिवस मी हात जोडले, शिव्याही देल्या. नवव्या दिवशी बोरीले मारता मारता त्याचा पाय सटकला, तोंडावर आपटला. ओठ फाटला, दाढी रक्तानं भरली. तरी उजव्याच हातानं काठी चाचपडून राहिला! माह्या डोक्यात भडका उडाला. काठी हिसकली आन् त्याच हातावर हाणली. दोनदा. दोन बोटं मोडली.

"आता मार बिसरामले!" मी ओरडली. जन्मात पहिल्यांदा त्याले अरे-तुरे केलं. "तू खाटेवर पडला तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू रे?"

दीड महिना हात बांधलेला. नाइलाजानं काठी डावीकडं. टाच, पंजा. टाच, पंजा. गुडघ्याची सूज उतरली. धुऱ्यावरून न पडता जाऊ लागला. माह्याशी मात्र एक शब्द बोलला नाही.

पट्टी सुटली त्या सकाळी मी चुलीजवळून चोरून पाहून राहिली होती. काठी भिंतीले टेकलेली, बोर समोर. बुढ्यानं उजवी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग त्यानं डाव्या हातानं काठी उचलली आन् बोरीजवळून सरळ बांधीवर निघून गेला.

चुलीवर भात करपला. मले उठवलंच नाही, मी रडून राहिली होती.