टिली गप्प बसली ती मॅच

ऑटिलिया ब्राखमान हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव, पण चर्चबाहेर ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मिनेसोटातल्या आमच्या एर्लाख गावात ती सगळ्यांची टिली. दिसायला पाच फुटांच्या आतबाहेर, गोल, आणि चालताना डावीकडे कललेली, कारण जन्मभर उजव्या हातात दुधाची बादली. पण टिली ओळखायची ती आवाजावरून. तो तिने गाईंवर तयार केला होता. ब्राखमानांचं कुरण ओढ्यापलीकडे होतं आणि धारेच्या वेळी ओढा ओलांडायचा तिला कंटाळा. ती गोठ्याच्या दारातूनच हाक मारायची. तिच्या गाई यायच्याच, शेजारच्या श्रोडरांच्याही यायच्या, आणि मग श्रोडर कुरकुरत त्या परत न्यायला यायचा.

नवरा अल्फॉन्स गेल्यावर तिने गाई विकल्या आणि ती गावात, माझ्या शेजारच्या घरात राहायला आली. आवाजाला काम उरलं नाही. ते तिने बेसबॉलमध्ये शोधलं.

आमच्याकडे रविवारी आधी चर्च, मग जेवण, मग मैदान. संघातला प्रत्येक जण कुणाचा तरी मुलगा, भाचा नाही तर जावई, आणि खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. त्यामुळे आपल्या माणसावर कुणी ओरडत नाही. तो चुकला तर लोक नाकातून एक सुस्कारा सोडतात आणि हातातल्या बिअरकडे बघतात. मी या गावात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. असल्या सुस्काऱ्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या असं माझं तेव्हाही मत होतं. परक्या गावाच्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, मात्र मोकळेपणी बोलता येतं, आणि ते काम सगळ्या गावाने टिलीवर सोपवलं होतं. जाळीच्या मागे पहिल्या ओळीत तिची खुर्ची असे. तिथून तिने कितीतरी धडधाकट पुरुषांचे हात लटपटवले.

डॅरिल ओबरमान हा लेक कॅटरिना या शेजारच्या गावाचा पिचर. एकोणीस वर्षांचा, शिडशिडीत, कान मोठे, आणि चेंडू असा फेकायचा की आमच्या फलंदाजांना तो दिसण्याआधी ऐकू यायचा. फक्त कुठे जाईल ते देवाला ठाऊक. चार चेंडू बाहेर गेले की फलंदाजाने बॅट टाकायची आणि चालत पहिल्या बेसवर जाऊन उभं राहायचं, फुकटात. त्या उन्हाळ्यात डॅरिलने जिल्ह्यातल्या निम्म्या पुरुषांना असं फिरवून आणलं. त्याच्या स्वतःच्या गावाचे लोकही टेकीला आले होते. त्याचा सख्खा काका, डॅरिल चेंडू फेकायच्या उंचवट्यावर चढला की उठून गाडीत जाऊन बसायचा आणि काचा वर करून घ्यायचा.

जूनमध्ये तो आमच्या मैदानावर आला तेव्हा टिलीला सणच झाला. कॅचरला शिडी द्या, म्हणाली. फलंदाजाला खुर्ची द्या, चेंडू पोचेपर्यंत बिचाऱ्याने किती वेळ उभं राहायचं. एक चेंडू जाळीवरून थेट सॉसेज भाजायच्या शेगडीशी येऊन पडला तेव्हा ती म्हणाली, ती मेलेलीच आहेत रे पोरा, पुन्हा मारू नकोस. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. डॅरिलचे कान लाल झालेले मला माझ्या जागेवरून दिसले. तो डाव त्याला पुरा करता आला नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही विभागात पहिले आलो आणि राज्याच्या स्पर्धेला निघालो. मिनेसोटात एक जुनी रीत आहे: राज्याला निघालेल्या गावाला, घरी बसलेल्या गावांचे तीन पिचर उसने घेता येतात. कालपर्यंत ज्याच्या नावाने बोटं मोडली, तोच आपली टोपी घालून आपल्या बाजूने फेकतो. दोन बरे पिचर आम्हाला मिळाले. तिसरी निवड करायची वेळ आली तोवर सगळे शहाणे पिचर इतर गावांनी उचलले होते. आमचा मॅनेजर मार्लिन स्टाइनकाम्प याने डॅरिलला उचललं. दुसऱ्या दिवशी कॅफेत लोक कॉफी बराच वेळ ढवळत बसले. आमच्याकडे याला संताप म्हणतात.

हा मार्लिन टिलीचा जावई. त्या संध्याकाळी तो बायकोला, रोझानला, पुढे घालून टिलीच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथेच होते. आम्ही दोघी बरण्यांत काकड्या भरत होतो. मार्लिन मक्याबद्दल बोलला. पावसाबद्दल बोलला. काकड्या यंदा छान आल्यात म्हणाला.

"मार्लिन, सांग एकदाचं," रोझान म्हणाली.

"आई, तो डॅरिल यायला तयार आहे. पण तुम्ही ओरडणार असाल तर येणार नाही म्हणतो."

"मी आपल्या पिचरला कशाला ओरडू?"

"मी तेच सांगितलं. तो म्हणतो, तिने नुसती शाबासकी दिली तरी माझा हात आखडेल. झोपेतसुद्धा तुमचा आवाज येतो म्हणाला."

टिलीने हातातली काकडी खाली ठेवली. "खरंच असं म्हणाला?"

"हो."

"बघ," ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका खुलला की मला तिला चिमटा काढावासा वाटला. मग ती एकदम गंभीर झाली.

ती का गंभीर झाली हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. एर्लाख त्याआधी चार वेळा राज्याला गेलं होतं आणि चारही वेळा पहिलीच मॅच हरून परतलं होतं. त्यातल्या तीन वेळा अल्फॉन्स मैदानात होता. राज्याला जिंकलेली एक मॅच मला बघायचीय, एकच, असं ती दर वर्षी म्हणायची, जशा इतर बायका रोमला जायचंय म्हणतात.

"त्या पोराशी मी चकार शब्द बोलणार नाही," टिली म्हणाली. "मॅच संपेपर्यंत. जा, सांग त्याला."

स्पर्धेच्या गावाला तिला मीच घेऊन गेले. दीड तासाच्या रस्त्यात ती एक क्षणही थांबली नाही. उंटासारखं पुढचं भरून ठेवत असावी. मैदानावर पोचल्यावर तिने तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली आणि ओठ मिटले.

आठ डाव आमच्या वॉल्टरने फेकले. वॉल्टर पोस्टमन, चेंडूही टपालासारखाच टाकायचा, सावकाश पण बरोबर पत्त्यावर. धावा आमच्या चार, त्यांच्या दोन. शेवटचा डाव उरला, तीन माणसं बाद करायची राहिली, आणि वॉल्टरचा खांदा वर जाईना. उसन्यांपैकी एक पिचर दुसऱ्या दिवसासाठी राखलेला, दुसऱ्याचा अंगठा गवताच्या यंत्रात सापडलेला. मार्लिनने आकाशाकडे पाहिलं आणि डॅरिलला हाक मारली.

पहिला फलंदाज चार चेंडूंत चालत बेसवर गेला. आमच्या बाजूने सुस्कारा आला. दुसराही गेला. पुन्हा सुस्कारा, जरा लांब. एका माणसाचा सुस्कारा काही नसतो. अख्खं गाव एकदम नाकातून श्वास सोडतं तेव्हा बैलगोठ्यात उभं असल्यासारखं वाटतं. डॅरिलने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मग तो पायाकडे बघायला लागला. तिसराही चालत गेला. आता तिन्ही बेस भरले, आणि चौथ्यालाही त्याने सोडल्यावर एक धाव आपोआप आत आली. चार विरुद्ध तीन, एकही बाद नाही.

टिलीने माझं मनगट धरलं होतं. गोळी केव्हाच चावून संपली होती. तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसत होती, आणि मला वाटलं, आता ही बोलणार आणि मॅच गेली.

ती उठली. तिने खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. समोर सगळं एर्लाख.

"मयताला आलात का?" ती म्हणाली. ओरडली नाही, तिला तशी गरज नसते. "हर्बर्ट, तुझं नांगरलेलं शेत बघून कावळे वाट चुकतात. तुझ्यावर कुणी सुस्कारा टाकला? आयरीन, नाताळात तुझा केक मधे खचला होता. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन तुकडे खाल्ले. आणि फादर, तुमचं प्रवचन नोहापासून निघतं आणि माशांच्या भावापर्यंत कुठेही भटकतं. आम्ही कधी हूं केलं?"

"तुम्ही खोकता," फादर एल्डन म्हणाले.

"खोकतो. सुस्कारा टाकत नाही. हे पोर दुसऱ्याच्या घरचं आहे, आपण मागून आणलंय. पाहुण्यासमोर असं तोंड करतात? आता ज्याला श्वास सोडायचाय त्याने गाडीत जाऊन सोडावा."

आधी हर्बर्ट हसला. मग फादर. मग सगळीच बाजू, आणि दुसऱ्या गावाचेही. मी मैदानाकडे पाहिलं तर डॅरिल हातमोजा तोंडावर धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. अंपायरने मास्क वर करून त्याचं हसू संपायची वाट पाहिली.

टिली मात्र फिरली नाही. खुर्चीवर बसली, पाठ मैदानाकडेच.

"अगं, बघ तरी," मी म्हटलं.

"त्याच्याकडे तोंड केलं की ते उघडणार. शब्द दिलाय."

पहिला चेंडू बरोबर मधोमध. कॅचरच्या हातमोज्यात असा बसला की तो हात झटकायला लागला. दुसरा तसाच. तिसरा फलंदाजाच्या टोपीवरून गेला आणि आमच्या बाजूची सगळी नाकं फुगली. टिलीने नुसतं बोट वर केलं. लोकांनी श्वास गिळला. आयरीनला उचकी लागली.

एक बाद. टिलीला ते फादरच्या भुवयांवरून कळलं. दुसराही बाद, तेव्हा हर्बर्ट बायकोच्या मांडीवर थापा मारत होता. तिसऱ्याने बॅट फिरवली, चेंडूला ती लागली, आणि ठाक आवाज आला तसे टिलीने डोळे घट्ट मिटले. चेंडू सरळ वर गेला. खूप वर. कॅचरने मास्क फेकला, दोन पावलं मागे आला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्यात उतरला.

ती डोळे उघडते तो सगळं गाव उभं. पोस्टमन वॉल्टर रडत होता, फादर बिअर सांडत होते, आणि रोझान जाळीच्या वाटेने मैदानात धावली होती. टिली एकेक तोंड बघत बसली, घाई न करता, जशी गोठ्यात शेवटची फेरी मारायची. मला राहवेना. इतकी वर्षं वाट बघून नेमकी हीच मॅच पाठमोरी बसून घालवलीस, असं मी तिला सुनावलं. ती म्हणाली, मैदानात काय नवीन असतं; ही तोंडं अशी मी कधी पाहिली नव्हती.

डॅरिल टोपी हातात घेऊन आला. मार्लिन त्याच्या मागे.

"मिसेस ब्राखमान," तो म्हणाला, "थँक्यू म्हणायला आलो."

टिलीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मार्लिन, मॅच संपली?"

"संपली, आई. अंपायर गाडीत बसला."

मग ती पोराकडे वळली. "हे बघ. चेंडू सोडताना तू पायाकडे का बघतोस? पाय पळून जाणारेत का? आणि ही पँट कुणाची? आणि चार लोकांना फुकट फिरवून आणलंस, चार, मी तोंड मिटून मोजले. बस इथे. जेवलास का?"

जेवला नव्हता. तो तिच्या खुर्चीशेजारी गवतात बसला, आणि तिने दोन तासांचं साठलेलं सगळं त्याला ऐकवलं. सॉसेजची शेगडी विझवायला माणूस आला तरी ती थांबली नव्हती, आणि पोरगा कान लाल करून हसत होता. पुढची मॅच आम्ही अकरा-एक अशी हरलो. त्यात त्याने किती जणांना फिरवून आणलं ते मी इथे लिहीत नाही. सुस्कारा मात्र एकही ऐकू आला नाही. हर्बर्ट दोनदा उठून गाडीत जाऊन आला.