पांढऱ्या लोंब्या

नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या एका शेती कार्यालयात चित्रकार होते. एका वर्षी मला भाताच्या खोडकिड्याचा तक्ता रंगवायचा होता. पानावरचा अंड्यांचा पुंजका, खोड पोखरणारी अळी, खोडातच झालेला कोष आणि शेवटी पिवळा पतंग, अशी चार चित्रं घेऊन मी शहराबाहेरच्या येलहंक्याला, तळ्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या एका शेतावर गेले.

शेत एका वयस्क विधवा बाईंचं होतं. त्यांचं घराणंही आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी. मी त्यांना अक्का म्हणत असे. हिरव्या भातात मधूनच पांढऱ्याफटक, ताठ लोंब्या उभ्या होत्या. मी एक ओढली, ती अलगद हातात आली. दाणा एकही भरला नव्हता. खालचं खोड नखाने चिरलं, तर आत अळी होती.

अक्कांनी माझ्या चित्रातल्या पतंगावर बोट ठेवलं. “हा तर रोज दिवेलागणीला घरात येतो. ह्याचं काम का हे?”

“हो, अक्का.”

त्या बांधावर बसल्या. “आमचे हे स्वतः लावणी करायचे. लोंब्या अशा पांढऱ्या पडल्या की मी म्हणायची, तुमच्या हातालाच यश नाही. शेवटी त्यांनी लावणीला हात लावणं सोडलं. तसेच गेले.”

थोड्या वेळाने त्या उठल्या आणि पांढरी लोंबी दिसेल ते खोड उपटू लागल्या. मीही उपटू लागले. प्रत्येक खोड टाकण्याआधी अक्का ते चिरून आत बघत होत्या.