आमच्या गावातल्या अबोल्या

“‘काहीतरी’ असं कुणाचं नाव नसतं.”

आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचं हे ठरलेलं वाक्य. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. मुलगी जन्मली, नाव काय ठेवणार म्हणून त्यांनी विचारलं, आणि बाहेर बसलेल्या माणसांनी “बघू, ठिवू काहीतरी” म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून हे वाक्य टाकायच्या. मुलाच्या वेळी बोलायचा प्रसंगच येत नसे. त्याचं नाव आधीच ठरलेलं असायचं. तुम्हीही हे कुठे ना कुठे पाहिलंच असेल.

जाफराबाद तालुक्यातल्या त्या गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. शाळा आणि उपकेंद्र यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत. सिस्टर मूळच्या कोकणातल्या. नोकरीसाठी एकट्या आल्या, तीन वर्षांत बदली घेते म्हणाल्या आणि निवृत्तीपर्यंत राहिल्या. त्यांच्या बोलण्यात हळूहळू आमचं ‘मंग’ आणि ‘बराबर’ शिरलं. कोकणातली एकच गोष्ट त्यांनी जपली होती, तेलाच्या डब्यात लावलेलं अबोलीचं रोप. एप्रिलच्या उन्हात त्याच्यावर त्या ओलं पोतं बांधायच्या. आमच्याकडच्या बायकांना हे फूल नवंच होतं.

“वास न्हाई, काही न्हाई. काय कामाचं ओ हे?” कुणीतरी विचारायचं.

“चार दिवस कोमेजत न्हाई. तुमचा मोगरा संध्याकाळी संपतो,” त्या म्हणायच्या.

एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, “गुरुजी, जीप बघा, जल्दी!” मी फाट्यापर्यंत पळत गेलो. गावातली एकुलती एक जीप भोकरदनच्या बाजाराला गेलेली. परत आलो तर उपकेंद्राच्या दारात एक म्हातारी बसली होती. तिच्या सुनेला तिसरी मुलगी झाली होती आणि मुलगी रडतच नव्हती. आत सिस्टर बाळाच्या तोंडावर मास्क धरून रबरी फुग्यानं श्वास देत होत्या.

“जाऊ द्या बाई,” म्हातारी म्हणाली. “न्हाई रडत तर न्हाई. तिसरी पोरगीच हाय.”

सिस्टरांनी मान वर केली नाही. “आजी, दुपटी उन्हात वाळत घातलीत, ती घेऊन या. गरम पाहिजेत.”

म्हातारी उठली. ती दुपटी घेऊन येते न येते तोच आतून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला.

संध्याकाळी बापाला नाव विचारलं. “ठिवा काहीतरी,” तो म्हणाला. चष्मा वर गेला, वाक्य झालं, आणि सिस्टरांनी स्वतःच लिहिलं: अबोली.

हेच नाव का, म्हणून मी पुढे एकदा विचारलं.

“मी घरात चौथी. शाळेत जाईपर्यंत मला नुसतं ‘बाय’ म्हणायचे. नाव दिलं ते मास्तरांनी, दाखला करताना. आई रोज अबोलीचा गजरा माळायची. मला वाटायचं, त्या फुलाचं नाव मला दिलं असतं तर हिचं काय बिघडलं असतं?”

दोन वर्षं गेली. अबोली एक शब्द बोलेना. लोकांना तेवढंच पुरलं. नावच अबोली, मंग बोलणार कशी! एव्हाना नातीला कडेवरून खाली न ठेवणारी तीच म्हातारी भांडत उपकेंद्रात आली.

“तुमीच ठिवलं हे नाव. बदला आधी. माझी लेक मुकी झाली.”

सिस्टरांनी पेन खाली ठेवला. “बदलू. पण पहिले कान तपासू. नाव बदलून ऐकू येत न्हाई, आजी.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या दोघींना घेऊन एसटीनं संभाजीनगरला गेल्या. कानांत दोष निघाला. जन्मताना श्वास कोंडल्यामुळं झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. “दोन मिनिटं आधी रडवायला पाहिजे होती मी,” सिस्टर मला म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या, पुन्हा कधी नाही.

ऐकायच्या मशीनसाठी त्यांनी कित्येक महिने खेटे घातले. ते कानाला लागल्यावर रोज दुपारी ओसरीवर मुलीला समोर बसवायच्या आणि ओठ दिसतील असं एकेक अक्षर म्हणायच्या. मी भिंतीच्या अलीकडं बाराखडी घेत असायचो, पलीकडून यायचं, “आ... जी. आ... जी.” किती दिवस ते चाललं, कोण जाणे.

एके दिवशी माझा वर्ग गणितात गप्प होता आणि पलीकडून एक कोवळा आवाज आला, “आदी.”

अख्खा वर्ग भिंतीला जाऊन चिकटला, मीसुद्धा. म्हातारी ओसरीवर मटकन बसली होती आणि पदरानं नातीचंच तोंड पुसत होती. सिस्टर आतून रजिस्टर घेऊन आल्या.

“आजी, नाव बदलायचं होतं ना?”

“हात तर लावून बघा त्याला!” म्हातारी कडाडली.

त्यानंतर अबोली हे नाव कुणा एका आळीचं राहिलं नाही. मळ्यातल्या घरात एक झाली, बुद्धविहारामागं एक झाली. आमच्या गावच्या लेकी ते नाव सासरी घेऊन गेल्या. पार घनसावंगीहून एक पत्रिका आली, बारशाची. माझ्या पहिलीच्या वर्गात एका साली चार अबोल्या होत्या. केंद्रप्रमुख तपासणीला आले, म्हणाले, “अबोली, तू कविता म्हण.” चौघी उठल्या आणि चार वेगवेगळ्या कविता एकदम सुरू झाल्या. साहेबांनी कानावर हात ठेवून विचारलं, “गुरुजी, ह्यांना हे नाव दिलं तरी कुणी?”

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. मिरवणूक नको म्हणाल्या. सकाळच्या जालना गाडीला बायका लेकरं घेऊन आल्या, तर ह्या खिडकीतून एकीला ओरडून सांगत होत्या, “मंगळवारी डोस आहे हिचा. बराबर ने.” गाडी हलली. मी चार पावलं सोबत चाललो. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, समोरच्या पिशवीवर पाय टेकले, मान मागं टाकली आणि डोळे मिटले. हातात काही काम नसताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.