चोरीचा गणपती

चव्वेचाळिसाव्या वर्षी मला गुन्हेगारी शिकायची हुक्की आली. म्हणजे पुस्तकातून. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, मुलगा कॉलेजात, आणि परक्या तमिळ शहरात, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटात, दुपारभर मी एकटी. म्हणून पोस्टाने बी.ए. सुरू केलं. त्यात एक पेपर गुन्ह्यांवर होता. पहिल्याच धड्यात व्याख्या : कायदा ज्याला गुन्हा म्हणतो, तो गुन्हा. ती मी भाजीवालीपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली. केवढी ती विदुषी! आज समोर आली तर कान धरून बसवीन.

त्याच सुमारास माझा गणपती गेला. काळ्या दगडाचा, वीतभर उंच, डाव्या कानाचा टवका उडालेला. वडिलांनी लग्नात दिलेला. दर बदलीला सामान ट्रकमध्ये आणि गणपती माझ्या मांडीवर. इथे तो बाहेरच्या गॅलरीत तुळशीशेजारी बसायचा. एका सकाळी पाणी घालायला गेले, तर तुळस तेवढी जागेवर.

पोलीस ठाण्यात मी व्याख्येसकट गेले. हवालदाराने वही उघडली. "काय गेलं, अम्मा?"

मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये गणपती गेल्याचं सांगितलं.

"पिळ्ळैयार?" त्याने वही मिटली. शेजारच्या टेबलावरचाही हसला. "कुणाचं तरी भलं होईल. घरी जा."

मग अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक आलं. पोलिसांच्या वहीत असतात त्याहून कितीतरी गुन्हे घडतात, ते मोजायचे तर लोकांनाच विचारावं लागतं, असं धडा म्हणत होता. छापील फॉर्म घेऊन दहा घरं फिरायची. वर्षभरात चोरी झाली का? कळवलीत का? पुठ्ठ्याला फॉर्म लावून मी आमच्याच बिल्डिंगीत दारं वाजवली. नऊ घरं झाली. सगळीकडे "नाही". माझ्या गणपतीचं नाव काढलं की जो तो पंख्याकडे बघायचा. मी लिहून घेतलं : जागरूकतेचा अभाव. अभाव कुणाकडे होता, ते पुढे कळलंच.

तळमजल्यावरच्या अक्कांकडेही गेले होते. त्या तंजावूरच्या मराठी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. या शहरातलं माझं माहेर म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. फिल्टर कॉफी पुढे करत म्हणाल्या, "चोरी? इथं? छे गो. असकी बरी माणसं." असकी म्हणजे त्यांच्या मराठीत सगळी.

दहावं घर माझंच. तो फॉर्म मागे ठेवला.

पुढच्या शुक्रवारी मांबलम स्टेशनच्या वाटेवर पिंपळाखाली नवं देऊळ दिसलं. गुडघाभर उंचीचं, सिमेंट अजून ओलसर. आत माझा गणपती, कपाळभर विभूती लावून. कान बघितला. टवका जागच्या जागी. समोर अक्का कापूर पेटवत होत्या.

"अक्का, हा माझा!"

"आता सगळ्यांचा." त्यांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले. "नव्या देवळात पिळ्ळैयार चोरूनच आणायचा असतो गो. विकतचा पावत नाही."

"मागितला असता तर दिला असता की मी!"

"मागितला तर चोरी कशी होईल?"

त्यांना खरंच कळत नव्हतं मी का रडतेय. मी घरी आले, वायरची पिशवी घेतली आणि दुपारी रस्ता सुस्त असताना गणपती उचलून आणला. जिना चढताना वाटलं, न्याय म्हणतात तो हाच. न्याय तासाभर टिकला. नंतर दोसा करायला घेतला.

संध्याकाळी दारात तोच हवालदार. मागे अक्का, अक्कांच्या मागे अख्खी बिल्डिंग, आणि नुकताच कारखान्याच्या बसमधून उतरलेला माझा नवरा. या खेपेला वही उघडी होती.

"अम्मा, देवळातून पिळ्ळैयार चोरीला गेलाय. लेखी तक्रार आहे."

"माझाच आहे तो! यांना विचारा." मी नवऱ्याकडे बोट केलं. माझा एकुलता एक साक्षीदार.

नवरा स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"यांनीच तर खाली आणून दिला," अक्का म्हणाल्या. "जड होता ना. घरातल्या बाईला कळू नये, एवढीच अट."

"अहो?"

"चांगल्या कामासाठी मागत होत्या," नवरा म्हणाला. "तुला विचारलं असतं तर तू व्याख्या सांगत बसली असतीस."

हवालदाराने दोन्ही बाजू तोलल्या. "तुमचे यजमान घरचे मालक, त्यांनी दिला, म्हणजे ती चोरी नव्हे. तुम्ही देवळातून नेला, ही चोरी. परत ठेवता की लिहू?"

माझ्या वडिलांनी दिलेला गणपती, आणि मालक हे! मी वाट पाहिली, हा माणूस एवढं तरी म्हणेल की तो हिचा आहे. त्याने चपला काढल्या, आत गेला, पिशवी घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. मागून सगळी मिरवणूक. कुणीतरी घंटाही वाजवली.

मी टेबलाशी बसून मागे राहिलेला दहावा फॉर्म ओढला. चोरी झाली का? हो. पोलिसांना कळवली का? हो. त्यांनी नोंदवली का? नाही. शेवटचा प्रश्न होता, चोर ओळखीचा असल्यास नातं लिहा. अक्का डोळ्यांसमोर आल्या, नऊ दारं आली. पण रकान्यात एकाच शब्दापुरती जागा होती. मी लिहिलं : नवरा.