सापाने पाळलेला श्रावण

नवऱ्याचं बाहेर काही असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. माझी सवत तीन हात लांब, केशरी, आणि काचेच्या पेटीत राहणारी होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याची बदली झाली, आणि त्याचा बिनविषारी साप टोकियोजवळ उरायासुतल्या आमच्या दोन खोल्यांत आला. मादी आहे, हेही मला आवर्जून सांगण्यात आलं.

दर रविवारी नवरा फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा, पुन्हा पुन्हा बोटाने ऊब बघायचा, मग चिमट्यात धरून तिच्यापुढे हलवायचा. तिने गिळेपर्यंत समोर मांडी घालून बसायचा. इकडे मी वाढलेली आमटी गारढोण झाली तरी या गृहस्थाला पत्ता नाही! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

श्रावण लागला आणि मला हत्यार सापडलं. "श्रावणात माझ्या फ्रीजमध्ये उंदीर नको," मी ठणकावलं. "तिलाही घडू दे की श्रावण."

दोन रविवार त्याने ऐकलं. तिसऱ्या रविवारी दुपारी तो दुकानातून खोक्यात जिवंत उंदीर घेऊन आला. "मेलेला देणंच बरं असतं," तो कुरकुरला. "उंदराचे हाल होत नाहीत आणि तिलाही धोका नाही. जिवंत उंदीर उलटून चावतो. पण तुझा फ्रीज ना!"

उंदीर पेटीत सोडला आणि नेमका ऑफिसचा फोन वाजला. "इथून हलू नकोस. तिने धरला नाही तर चिमट्याने बाहेर काढ," म्हणत तो गॅलरीत गेला.

मी बसले. ती वेटोळं घालून ढिम्म. उंदीर कोपऱ्यात थरथरतोय. आणि माझा एकदम भडकाच उडाला. लग्नाला आठ वर्षं झाली, मला ताप आला तेव्हा हा माणूस असा एकदा तरी उशाशी बसला होता का? बस तुझी तू, म्हणत मी उठले आणि स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडायला घेतली. मुद्दाम. अख्खी जुडी निवडली.

परत आले तर उंदीर तिची पाठ कुरतडत होता, आणि ती बिचारी अंग चोरून तशीच पडलेली. चिमटा सुचलाच नाही. हातानेच उंदीर ओढला, तो बोटाला कडकडून चावला, मी त्याला खोक्यात टाकलं आणि किंचाळले.

नवरा धावत आला. पेटीत रक्त, माझ्या बोटावर रक्त. त्याने आधी माझा हात धरला. नळाखाली साबण लावून किती तरी वेळ धूत राहिला. दुसऱ्या दिवशी रजा काढून आधी मला दवाखान्यात नेलं, मग तिला.

"तू होतीस म्हणून वाचली ती," तो म्हणाला. "पूर्ण वेळ तिथेच होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

तिच्या पाठीवर अजून पांढरा व्रण आहे. दर रविवारी तो मला शेजारी बसवून घेतो, येणाऱ्याजाणाऱ्याला "हिने वाचवली" म्हणून सांगतो. इतकी वर्षं हेच तर हवं होतं मला! मी मान खाली घालून ऐकते.

यंदा श्रावण लागला तेव्हा मीच फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्या सरकवून उंदरांना जागा केली.

"अगं, श्रावण ना?" तो म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे न बघता दार लावलं.