जाळ्याला सुरी

साकीनाक्याच्या कारखान्यात बेअरिंग तपासणारी रुचिरा कुबल रजा टाकून मालवणला जाते आणि समुद्राच्या तळाचा कचरा काढते, हे ऐकून वाकोल्याच्या चाळीने कपाळाला हात लावला. आधी आपलं गटार काढ म्हणावं, असं शेजारणीने सुनावलंही. रुचिराने एका रविवारी तेही काढलं. बाई अशी हट्टी.

समुद्रात मात्र तोच हट्ट आडवा आला. प्रवाळांवर अडकलेली जाळी कापून वर आणायची, हे ती ज्यांच्यासोबत जायची त्या बोरिवलीच्या स्वयंसेवकांचं काम. रुचिरा एकेक गाठ सोडवत बसायची. जाळ्याला सुरी लावायची नाही, हे मासेमाराच्या लेकीचं बाळकडूच. सिलिंडरची हवा संपायची आणि जाळं तिथंच राहायचं.

"उद्या कापायचं, नाहीतर पुढच्या वेळी येऊ नकोस, यार," गटाचा म्होरक्या धवल म्हणाला.

तिला ते फार लागलं. वर्षभर ती या चार दिवसांकडे डोळे लावून बसायची. किनाऱ्यावर येताच तिने वाकोल्याला वडिलांना फोन लावला. तीस वर्षांपूर्वी याच पाण्यात त्यांचं जाळं गेलं, तेव्हा मधुकर कुबल मालवण सोडून मुंबईत वॉचमन झाले होते.

"बाबा, जाळं कापू?"

"मासो आसा त्यात?" त्यांनी विचारलं.

"सांगाडे आहेत. एक खेकडा जिवंत आहे."

"जवसर धनी आसा, तवसर तां जाळां. मगे तो फास. काप." मग म्हणाले, "माजांपण थयच आसा गो. नायलॉन कुसणा नाय. अजून मासो मारता हा."

मग त्यांनी जागा सांगितली. देवळाचा कळस दोन माडांच्या मधे आला की खाली खडक. अशा खुणा मासेमार सख्ख्या भावालाही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी खेकडा सुटला, तिरका चालत कपारीत गेला. कालचं जाळं तिने कापून दिलं आणि धवलला बोट पुढे घ्यायला लावली. दोनातला एक माड आता नव्हता, पण बुंधा होता. कळस जुळला.

खाली जाळं होतं. शेवाळ खरवडलं, तशी कडेला आईची दुहेरी गाठ दिसली. कुबलांच्या घरात तीच एक तशी बांधायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मास्कच्या आत रुचिराला रडू आलं.

धवल हवेचा काटा दाखवत होता. तिने तेवढी एक गाठ सोडवली, आणि मग सुरी काढली.